कोरी पट्टी

कॉलेजातली मुलं माझ्या पाठीमागे मला लेबलबाई म्हणतात. मला ते माहीत आहे आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सव्वीस वर्षं मी तिथल्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. कुणी बाटलीला हात लावला की मी खेकसतेच, आधी लेबल वाच, सगळं वाच, खालचं बारीक अक्षरसुद्धा वाच. एका मुलीनं एकदा डबीतलं माहितीपत्रक न वाचता चुरगाळून टाकलं, तर मी तिला सगळ्यांदेखत एवढं झापलं की बिचारी रडत बाहेर गेली. आज ती मुलगी समोरून आली तर मी रस्ता बदलीन.

आमच्या मॅडम औषधी वनस्पतींवर काम करतात. पानं, साली, बिया वाळवायच्या, दळायच्या, त्यांचा अर्क काढायचा आणि त्यात अँटिऑक्सिडंट किती आहेत ते पाहायचं. त्याची एक साधी चाचणी असते. गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्काचे थेंब सोडायचे. पान दमदार असेल तर जांभळा रंग उडत जातो आणि नळी पिवळट होते. शेजारी तुलनेला क जीवनसत्त्वाची नळी ठेवतात, कारण रंग उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. हे मी किती हजार वेळा केलं असेल, देव जाणे. रंग उडताना पाहणं हेच माझं पोटापाण्याचं काम, आणि नेमकं तेच मला वेळेला आठवलं नाही.

माझा दादा शिंपी आहे. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. घराला लागूनच त्याचं दुकान, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो कापडाआधी माझी माहिती देतो. आमची धाकटी शास्त्रज्ञ आहे, झाडपाल्याची औषधं शोधते. मी शास्त्रज्ञ नाही. मी नळ्या धुते, द्रावणं तयार करते, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करते आणि मॅडमनी सांगितलेले आकडे वहीत उतरवते. काम चांगलं करते, त्यात वाद नाही. पण दादा असं काही बोलला की मी ‘अरे, तसं काही नाही रे’ अशा सुरात म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई मोठी असूनही किती साधी आहे.

आणि वहिनी. वहिनीची शाळा चौथीत सुटली. काजं आणि हातशिलाई तिच्याइतकी बारीक कुणाची नाही, पण दादाच्या मधुमेहाचा विषय निघाला की ती माझ्या डोक्यात जायची. नऊ वर्षं तिनं त्याच्या गोळ्या सांभाळल्या. सकाळी एक, रात्री एक. हातात पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी राहायची आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत हलायची नाही. दादाला त्या गोळ्यांनी मळमळायचं. तो मला म्हणायचा, तू एवढी शिकलेली, या हवालदारणीच्या तावडीतून सोडव की मला. आम्ही दोघं हसायचो. ती नाही हसायची.

गेल्या वर्षी मॅडमच्या कामात शेवग्याच्या आणि पेरूच्या पानांचं एक मिश्रण निघालं. जांभळ्या नळ्यांत त्यानं कमाल केली, रंग बघता बघता साफ. मॅडम खूश झाल्या, पण मुलांना म्हणाल्या, नळीत झालं म्हणजे माणसात झालं असं नव्हे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की घड्याळाच्या टिकटिकीसारखं मला ते ऐकूच येईनासं झालं होतं. त्या रविवारी मी दादाकडे जाऊन सांगितलं, आम्ही एक मिश्रण शोधलंय. ‘आम्ही’ म्हटलं. दादाचे डोळे चमकले. म्हणाला, मग मला का नाही देत?

दिलं. घरीच पानं वाळवून दळली. पण पावडर चार दिवसांत तपकिरी पडली. ती तशी पडू नये म्हणून प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यात क जीवनसत्त्व टाकतो. मीही टाकलं. किलोला किती टाकायचं हे माहीत असून सढळ हातानं टाकलं, म्हटलं जीवनसत्त्वच तर आहे, फायदाच होईल. पावडर हिरवीगार राहिली. दिवसातून तीनदा मोठा चमचा पाण्यातून, असं मी बाटलीवर लिहिलं. लेबल लावलं, बघा. माझ्या वळणदार अक्षरात.

वहिनी म्हणाली, वन्सं, घेऊ देत, पण गोळ्या चालू राहतील. मी म्हटलं, अगं, चालू राहू देत, मी कुठे नाही म्हणतेय? त्या दिवशी मी खरंच नाही म्हटलं नव्हतं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

दादाला सुईची भीती. दिवसभर सुया हाताळणारा माणूस, पण रक्त तपासायचं म्हटलं की पांढराफटक पडतो. म्हणून मी प्रयोगशाळेतून लघवीच्या पट्ट्यांची एक डबी आणली. मॅडमच्या उंदरांवरच्या प्रयोगांसाठी आलेली, अर्धी उरलेली. विचारलं नाही, पर्समध्ये टाकली. मूठभर पट्ट्या दादाकडे ठेवल्या, डबी माझ्याकडेच राहिली. पट्टीच्या टोकाला एक फिका चौकोन असतो. लघवीत साखर असली की तो हिरवा होतो, जास्त असली की तपकिरी. साखर नसली तर पट्टी कोरी. पावडर सुरू करायच्या आधी दादाची पट्टी हिरवी आली होती. पावडर सुरू केल्यावर चौथ्या दिवशी ती कोरी आली. पुढच्या आठवड्यात कोरी. त्याच्या पुढच्या आठवड्यातही कोरी.

मला काय झालं ते मी नीट सांगते, कारण लाज त्याचीच आहे. दादा बरा झाला म्हणून आनंद झालाच. पण त्याहून जास्त आनंद झाला तो वहिनीला पट्टी दाखवताना. तिच्या नाकासमोर धरली आणि म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? वहिनी, ही बघ. तिनं पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, उजेडात धरली, आणि म्हणाली, वन्सं, मग डॉक्टरांना दाखवून या ना. मी म्हटलं, डॉक्टर गोळ्यांशिवाय दुसरं काय सांगणार? दादानं विचारलं, मग गोळ्यांचं काय करू? मी तोऱ्यात सांगितलं, रात्रीची बंद कर, पंधरा दिवस पट्टी कोरी आली तर सकाळचीही कर. डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यासारखी मी सांगत होते.

पट्टी पंधरा दिवस कोरीच आली.

गोळ्या सुटल्यावर दादाची मळमळ गेली. तो बारीक होऊ लागला. त्यानं स्वतःच्या दोन पँटची कंबर आत घेतली, महिन्याभरानं पुन्हा आत घेतली. मी म्हटलं, वा, पोट उतरलं. तो सारखा पाणी प्यायचा. मी म्हटलं, चांगलं आहे, शरीर धुऊन निघतं. उठून उठून लघवीला जायचा. त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे तेव्हा प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

एका रविवारी मी दुकानाच्या बाकावर बसले होते. दादा मशीनवर, आणि शेजारचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन आलेला. वहिनी आतून आली. तिनं पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, “वन्सं, न्हाणीघरात मुंग्या येतायत.”

मी म्हटलं, मुंग्यांची पावडर टाक.

“मी पाणी ओतते, तरी येतात. ह्यांनी लघवी केली त्या जागीच येतात. आधी नव्हत्या. गोळ्या सोडल्यापासून आहेत.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही असं नाही. कळलं. पण इस्त्रीवाल्यासमोर तिनं ते म्हणावं याचा मला राग आला. मी म्हटलं, “तुझ्या मुंग्या कुठल्या कॉलेजातून पास झाल्यात गं? मी पट्टीवर साखर मोजते, आणि तू मुंग्या मोजतेस?”

दादा हसला. इस्त्रीवाला तर गठ्ठा खाली ठेवून हसला. वहिनीनं मान खाली घातली आणि आत गेली. तिचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि मला, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दोन महिन्यांनी दादाच्या चपलेत टाचणी गेली. शिंप्याच्या दुकानात जमिनीवर टाचण्या असायच्याच. ती चपलेच्या तळातून घुसून उजव्या पायाच्या बोटांपाशी रुतली आणि तो दिवसभर तिच्यावर मशीनचं पायडल मारत बसला. साखरेनं पाय बधिर झालेले, त्याला कळलंच नाही. संध्याकाळी वहिनीनं लादीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा कळलं. मी म्हटलं, साखर नाही, तर जखम भरेल. हळद लावा, धुवा, बांधा. आठव्या दिवशी दोन बोटं काळी पडली आणि दादाला थंडी वाजून ताप भरला. वहिनीनं मला न विचारता त्याला दवाखान्यात नेलं. मला फोन आला तो तिथून.

मी पोचले तेव्हा तपासणारी डॉक्टर कागद वाचत होती. पोरसवदा मुलगी, आमच्या कॉलेजात शोभली असती. रक्तातली साखर चारशे बारा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तीही अशी की तिनं दोनदा वाचली. ती दादाला म्हणाली, दोन बोटं काढावी लागतील, आणि पाऊल वाचलं तर नशीब समजा. मग विचारलं, “गोळ्या कधीपासून बंद आहेत? आणि बंद करायला कुणी सांगितलं?”

खोलीत आम्ही चौघं. खाटेवर दादा, उशाशी वहिनी, कागद हातात घेतलेली डॉक्टर आणि दारापाशी मी. माझ्या पर्समध्ये ती पट्ट्यांची डबी होती.

दादा म्हणाला, “कुणी नाही. मीच बंद केल्या. कंटाळा आला होता.”

डॉक्टरनं मान हलवली आणि लिहून घेतलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिनं तोंड उघडलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात मला बरं वाटलं असतं. ती काही बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मी झाकून उभी राहिले आणि माझा भाऊ माझ्यासाठी खोटं बोलला.

दुसऱ्या दिवशी त्याची बोटं काढली. त्याच सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. सुट्टी घेतली नाही, कारण मला एक गोष्ट सिद्ध करायची होती. पट्ट्या जुन्या असणार, मुदत संपलेली असणार, ओल लागलेली असणार. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलीच गत. कपाटात त्याच पट्ट्यांची नवी, न फोडलेली डबी होती. मी तीन नळ्या घेतल्या. तिन्हींत ग्लुकोजचं पाणी, सारखंच. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत नुसत्या पानांचा चिमूटभर चुरा. तिसरीत माझी पावडर, दादाच्या बाटलीतली. आधी जुन्या डबीतली पट्टी पहिल्या नळीत बुडवली. तपकिरी झाली. म्हणजे पट्ट्या ठणठणीत होत्या.

दुसरीतली पट्टी हिरवट आली. तिसरीतली कोरी.

मी पुन्हा केलं. नव्या डबीतल्या पट्ट्यांनी केलं. तेच. मी स्टुलावर बसले. साखरेच्या पाण्यात बुडवलेली पट्टी माझ्या हातात होती आणि ती साखर नाही म्हणत होती. का, ते सांगायला मला मॅडमची गरज नव्हती. क जीवनसत्त्व रंग उडवतं. पट्टीवर रंग धरायला लागला की त्याआधीच ते त्याला खाऊन टाकतं. दादाच्या लघवीत साखर होती तशीच होती, उलट वाढत होती, आणि मी सढळ हातानं टाकलेलं जीवनसत्त्व त्याच लघवीतून बाहेर पडून पट्टी कोरी ठेवत होतं. जांभळ्या नळीत जे मी सव्वीस वर्षं बघत आले, तेच. माझ्याच धंद्यातलं.

नव्या डबीच्या झाकणात घडी केलेलं माहितीपत्रक होतं. मी ते उघडलं. खाली, बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं की क जीवनसत्त्व जास्त प्रमाणात घेतलं असल्यास साखर असूनही पट्टीवर रंग न येण्याची शक्यता आहे. जुन्या डबीतही ते असणारच. मी ते काढून टाकलं असणार, उंदरांची डबी पर्समध्ये नीट मावावी म्हणून.

मुंग्या बरोबर होत्या. त्यांना माहितीपत्रक वाचावं लागलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मग मी धावत दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. नाही गेले. मी नळ्या धुतल्या, पालथ्या घालून ठेवल्या आणि विचार केला, आता सांगून कुणाचं भलं? बोटं गेली ती गेली. दादाला इन्शुलिन सुरू झालंय, पावडर बंद आहे, डॉक्टरचं लिहून झालंय. उगाच जखमेवर मीठ कशाला? मी स्वतःला पटवलं. मला पटवता येतं, हे आतापर्यंत तुमच्याही लक्षात आलं असेल. तीन दिवस मी दवाखान्यात डबा पोचवत राहिले, वहिनीशी कामापुरतं बोलत राहिले, आणि दादाच्या पायाच्या बँडेजकडे न बघता त्याच्या उशीकडे बघून बोलत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला इस्त्रीवाला आला. दादाच्या खाटेवर बसला, त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, काळजी करू नका मास्तर, इथे आपली पावडर आणू देतात का विचारा. मला काही कळेना. मग तोच हसत हसत मला म्हणाला, ताई, तुमचे उपकार. मास्तर त्यांच्या बाटलीतली अर्धी मला देतात. पट्ट्याही दिल्यात. दोन महिने झाले, माझी पट्टी एकदम कोरी. महिना झाला, गोळीला हात लावला नाही.

त्याला मधुमेह होता हेच मला माहीत नव्हतं. तो दिवसाचे दहा तास उभा राहून काम करणारा माणूस. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. साध्या चपला, टाचांना भेगा.

डॉक्टर दोन खाटा सोडून दुसऱ्या रोग्याला बघत होती. माझ्या मनात चटकन आलं ते सांगते. ह्याला व्हरांड्यात नेऊ आणि सांगू की पट्ट्यांची मुदत संपलेली निघाली, कंपनीची चूक, तुम्ही रक्त तपासून घ्या. वाक्य तयारसुद्धा झालं होतं. चांगलं वाक्य होतं. त्यात माझं काहीच जात नव्हतं. मी त्याला म्हटलं, जरा बाहेर येता का? आणि वळले तर वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, दादाच्या घशाखाली गोळी उतरायची वाट बघायची तशी.

मी बाहेर गेले नाही. मी डॉक्टरला हाक मारली. ती आली तेव्हा मी खाटेची लोखंडी दांडी धरली होती.

“दादानं गोळ्या स्वतः बंद केल्या नाहीत,” मी म्हटलं. “मी करायला लावल्या. पावडर मी दिली. त्यात क जीवनसत्त्व मी घातलं, आणि त्यामुळे पट्टी कोरी येत होती. साखर होती, पट्टीला दिसत नव्हती. मला कळायला हवं होतं. माझं कामच ते आहे. ह्यांनीही महिनाभर गोळी घेतलेली नाही, ह्यांचं रक्त आत्ता तपासा.”

इस्त्रीवाल्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. डॉक्टरनं मला दोनच प्रश्न विचारले, किती चमचे आणि किती महिने. मग ती त्याला म्हणाली, चला माझ्याबरोबर. जाताना मला म्हणाली, पानं खाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही, गोळ्यांच्या जागी खाऊ नका एवढंच सांगते. आवाज चढवला नाही. मॅडमही नंतर असंच करणार होत्या, सगळं ऐकून घेऊन फक्त विचारणार होत्या की दोन दिवस सुट्टी हवी का. कुणी ओरडेल तर बरं, असं मला त्या आठवड्यात फार वाटलं.

दादा ओरडला नाही, पण त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बोटं काढली तेव्हाही तसा नव्हता.

“हे सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?” तो म्हणाला. “मी सांगितलं होतं ना त्यांना, मीच बंद केल्या म्हणून.”

“दादा, तो माणूसही—”

“त्याला मी सांगितलं असतं काहीतरी.” त्यानं भिंतीकडे तोंड केलं. “आता दुकानात कुणी विचारलं, बहीण काय करते, तर मी काय सांगू?”

मला तेव्हा कळलं की तो खोटं बोलला ते मला वाचवायला नव्हे, निदान सगळं तेवढ्यासाठी नव्हे. त्याच्याकडे लोकांना सांगायला एक गोष्ट होती आणि ती मी होते. ती त्याला जपायची होती, दोन बोटं देऊन. आणि ती गोष्ट मुळात खरी नव्हतीच, हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं. मी ती त्याला सांगू दिली होती.

“नळ्या धुते म्हणून सांग,” मी म्हटलं.

त्यानं पांघरूण तोंडापर्यंत ओढलं. वहिनीनं उठून त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

इस्त्रीवाल्याची साखर दोनशे नव्वद निघाली. त्याची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली आणि त्याचे पाय शाबूत आहेत. तो मला रस्त्यात दिसला की मान हलवतो, पण थांबत नाही. दादा महिन्यानं घरी आला. पाऊल वाचलं. पायडलवर उजवा पाय आता नीट बसत नाही म्हणून त्यानं मशीनला मोटर लावून घेतली, आणि टाचण्या उचलायला वहिनीनं एका दोरीला लोहचुंबक बांधलंय, ते ती दिवसातून तीनदा सगळ्या दुकानातून ओढत फिरवते. मी त्यांना बोटातून रक्त तपासायचं यंत्र नेऊन दिलं. कसं वापरायचं ते दाखवू का, विचारलं. वहिनी म्हणाली, नर्सनं दाखवलंय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. वहिनीचा होता.

“दोनशे दहा,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला वाटलं, काही बिनसलं. उलट फोन केला तर उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सातला पुन्हा फोन. एकशे अठ्ठ्याण्णव. ठेवला. मग रोजच. लग्न होऊन आल्यापासून तिनं मला वन्सं म्हटल्याशिवाय कधी वाक्य सुरू केलं नव्हतं. मी तिला काहीही बोलले तरी तिचं वन्सं कधी चुकलं नव्हतं. आता नुसता आकडा. मी तो वहीत उतरवायची. आकडे उतरवणं मला येतं. फोन ठेवल्यावर मी त्या रविवारचे तिचे लाल झालेले कान आठवायची, कारण दुसरं काही आठवायचंच नाही. माफी मागायला मी दोनदा गेले. पहिल्यांदा ती काजं करत होती, म्हणाली, बसा. दुसऱ्यांदाही म्हणाली, बसा. मला ते शब्द जमले नाहीत. एवढी बोलकी बाई मी, मला जमले नाहीत.

तिसऱ्यांदा मी रविवारची वाट बघितली नाही. शनिवारी संध्याकाळी गेले तेव्हा दुकानात दादा होता आणि कपड्यांचा गठ्ठा आणून दिलेला इस्त्रीवालाही होता, निघायच्या बेतात. मी म्हटलं, जरा थांबा. मग वहिनीला बाहेर बोलावलं आणि त्या दोघांसमोर म्हटलं, त्या दिवशी इथेच मी तुला हसले होते, वहिनी. तुझ्या मुंग्या बरोबर होत्या. मी चुकले. एवढंच. पुढचं रडण्यात गेलं. दादा मशीनकडे बघत राहिला. वहिनीनं हातातली सुई कापडात खोचली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, मी प्यायले, निघाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सात वाजता फोन वाजला. मी वही उघडली, पेन घेतलं.

“एकशे चोवीस,” वहिनी म्हणाली. मी लिहिलं आणि फोन ठेवल्याचा आवाज येईल म्हणून थांबले. तो आला नाही. पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं.

“वन्सं,” ती म्हणाली, “आज मुंग्या नाहीत.”

मी तेही वहीत लिहिलं.